आपण म्हणजे कोण?

६ फेब्रुवारी

मॅडमनी प्रबंधाचं तिसरं प्रकरण परत दिलं. लाल पेन नाही, साधी शिसपेन्सिल — म्हणजे जास्त वाईट! पानोपानी एकाच शब्दाभोवती गोल. आपण. 'आपण पृथ्वी तापवली' — गोल. 'आपण वेळीच जागे झालो नाही तर' — गोल. आणि शेवटच्या गोलाशेजारी बारीक अक्षरात: आपण म्हणजे कोण?

तावातावानं त्यांच्या खोलीत गेले. त्या संत्रं सोलत बसलेल्या. अर्धं मला दिलं. "तू पंखा लावून लिहितेस. कोणी बाई पत्र्याच्या खोलीत पंख्याशिवाय झोपते. दोघींनी मिळून तापवली का गं पृथ्वी?" मी म्हटलं, मॅडम, भावना तर लक्षात घ्या. "घेतली. आता माणसं दाखव."

माझा प्रबंधच मुळी यावर — उष्मा वाढतोय, जबाबदारी कोणाची. एवढी वर्षं घासली आणि म्हणे पहिला शब्दच चुकला! डोक्याला नुसता ताप.

संत्रं मात्र गोड होतं.

९ फेब्रुवारी

खोलीतला नळ गळतोय. मी जगातल्या गोड्या पाण्यावर टिपणं काढतेय आणि मागे बादलीत टप् टप् टप्. प्लंबर 'येतो' म्हणालाय, कधी ते त्यालाच ठाऊक. रूममेट दातांची डॉक्टर होतेय, म्हणून तिचं नाव दाढ. ती म्हणते, त्या पाण्यात कपडे धू, जगही वाचेल आणि मीही वाचेन.

बाबांचा फोन. पाणीपुरवठ्याच्या पंपावर आयुष्य काढलेला माणूस — नळाचं ऐकून पाना घेऊन इथवर यायला निघाले होते! कसंबसं थोपवलं. आई गेल्यापासून एकटेच असतात. मी दर फोनला तेच ते विचारते. जेवलात का, फिरून आलात का, माणसांत मिसळता का. माणसांत मिसळा हो बाबा, असं तर किती वेळा सांगितलंय. आज म्हणाले, "हो हो, आम्ही आत्ताच चहा घेतला."

आम्ही?

विचारलं तर त्यांना खोकला आला. मग गॅसवर काहीतरी आहे म्हणून फोन ठेवला.

१३ फेब्रुवारी

"आम्ही कोडं सोडवत होतो." — बाबा. शब्दकोडं! पेपरचं ते पान आजवर खिडकीच्या काचा पुसायला जायचं.

१७ फेब्रुवारी

दाढेला सांगितलं. तोंडातला ब्रश न काढता म्हणाली, "तुझे बाबा प्रेमात पडलेत."

काहीही! बाबा! राखाडी शर्ट ज्यांना भडक वाटतो ते बाबा!

"मग विचार की त्या आम्हीत कोण कोण आहे. तू नाहीस एवढं नक्की. तू असतीस तर 'आपण' म्हणाले असते." आणि चूळ भरायला गेली. दाढ कसली, अक्कलदाढ आहे मेली.

वाचनालयात जाऊन बसले. कुठे बेटं पाण्याखाली चाललीत, अख्खी गावं उचलून दुसरीकडे नेताहेत. कुठे लढाई, मुलं तंबूत बसून पाढे म्हणताहेत. हे वाचून जीव तुटायला हवा. आणि मी? बाबांबरोबर चहा कोण पितं, या विचारात एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचतेय. लाज वाटली. पण खरं ते खरं. सगळ्यांचंच मन एवढंसं असतं, की माझंच?

२१ फेब्रुवारी

मॅडमना प्रकरण लगेच हवंय. तरी उद्या घरी जातेय. न कळवता.

२२ फेब्रुवारी

दार एका बाईनं उघडलं. गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. "अगं, तू! ये ना, ये, आत ये."

मला! माझ्याच घरात! अंगाचा नुसता तिळपापड.

मागून बाबा आले, कानापर्यंत लाल. "ह्या... ते कोपऱ्यावरचं चष्म्याचं दुकान नाही का, ते यांचं. मी चष्म्याला गेलो होतो ना, तर..." तर काय! माणूस चष्म्याला जातो आणि चष्मा घेऊन परत येतो!

बाई वाईट नाहीत. तेच तर वाईट! गोल चेहरा, भुवया सतत वर, कोणीतरी आत्ताच चांगली बातमी सांगितल्यासारख्या. स्वयंपाकघरात गेले तर आईनं लावलेले डबे हललेले. वरच्या फळीवरचे खाली, प्रत्येकावर ठळक अक्षरात नाव. "त्यांना वरचं दिसत नव्हतं गं. चहात मीठ घालून प्यायचे आणि कोणाला सांगायचेही नाहीत." मला तरी कुठे सांगितलं होतं? मी फोनवर रोज विचारायचे, चहा झाला का. हो म्हणायचे.

दिवसभर मी नुसतं हं आणि अंहं. जेवताना मात्र राहवेना. बाबा हसत होते कशावर तरी, तोंड उघडून, आईच्या वेळी हसायचे तसे — आणि माझं डोकंच फिरलं. आवाज होईल तेवढा थंड केला आणि बाईंकडे बघून विचारलं, "आपण कधी निघणार?"

आपण म्हणजे त्या. मी कुलगुरूंनासुद्धा 'तुम्ही'वर भागवते! आदर दाखवून माणसाला दाराबाहेर काढायचं, तसलं आपण.

आणि बाई अशा फुलल्या! "आपण? अगं, उद्या सकाळच्याच बसनं निघू की! मला काचा आणायला तिकडेच यायचंय. मी विचारणारच होते तुला, येऊ का बरोबर म्हणून. पण म्हटलं, हिला आवडेल, न आवडेल..."

त्यांना वाटलं, आपण म्हणजे त्या आणि मी. दोघी!

घास तोंडात तसाच. बाबा ताटाकडे बघत राहिले. त्यांना बरोबर कळलं होतं. त्यानंतर हसले नाहीत.

२३ फेब्रुवारी

बसमध्ये खिडकी मला दिली. "हे सांगत होते, तू अख्ख्या पृथ्वीवर काम करतेस. माझं आपलं दोन डोळ्यांपुरतं." हे! सांगत होते! मी बाहेर बघत बसले.

पण त्या बोलत राहिल्या. दुकान वडिलांचं. मग वडिलांचं आजारपण. लग्नाचं राहूनच गेलं म्हणाल्या, घाईत छत्री घरी राहावी तसं. तक्रार नाही, काही नाही. मग माझा चष्मा मागितला. पदराला हात न लावता पिशवीतून वेगळं फडकं काढलं, पुसला, वाकडी दांडी सरळ केली. परत घातला तर रस्त्यावरच्या पाट्या लख्ख! गेलं वर्षभर मला वाटत होतं, धुरानं दिसत नाही.

थँक्यू म्हणायचं होतं. "बरं" म्हटलं.

उतरल्यावर त्या फोनवर बहिणीला सांगत होत्या. "मोकळी आहे गं मुलगी! पहिल्याच दिवशी आपण म्हणाली मला." मला ऐकू आलं. मी तशीच चालत राहिले.

२६ फेब्रुवारी

प्रकरणातले सगळे आपण उडवले. 'पृथ्वी तापली.' 'सवयी बदलल्या जाव्यात.' कशी स्वच्छ वाक्यं! कोणाचं नाव नाही, भांडण नाही. रुबाबात मॅडमकडे नेलं.

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "काढून टाक कुठे म्हटलं होतं मी? कोण ते सांग म्हटलं होतं. अवघड गेलं की माणसंच पुसून टाकतेस का तू?"

तोंडात मारल्यासारखं झालं. उठताना म्हणाल्या, "आपण लिही की. फक्त ज्यांना त्यात धरशील, त्यांच्या समोर उभं राहून म्हणता आलं पाहिजे." आज संत्रं नव्हतं.

१ मार्च

बाबांचा फोन. "मी आत्ताच चहा घेतला."

मी?

४ मार्च

"मी जेवलो." "मी फिरून आलो." कोडं सुटलं का विचारलं. "छे गं, वेळ कुठे असतो!" वेळच वेळ असतो या माणसाला!

हेच तर हवं होतं ना मला? मग?

प्लंबर उगवला शेवटी. नळ बंद. खोलीत एकदम सामसूम. त्या टप् टप् ची सवय झाली होती, आता करमेना. दाढ म्हणाली, तुला काही म्हणजे काही चालत नाही.

७ मार्च

सरळ विचारलं. बाबा, त्या येत नाहीत का हल्ली?

आधी इकडचं तिकडचं. मग म्हणाले, "तुला आवडलं नाही ना. मग नको."

"मी कुठे काय बोलले?"

"बोललीस की. आपण म्हणालीस."

विचारलं, त्यांना काय सांगितलंत?

"सांगणार नव्हतोच गं. पण त्या ज्याला त्याला सांगत सुटल्या. मुलीनं मला आपण म्हटलं, मुलीनं मला आपण म्हटलं. दुकानातल्या गिऱ्हाइकांनासुद्धा! उद्या तू येशील, त्या तशाच हसत पुढे होतील, आणि तू पुन्हा... म्हणून मीच सांगितलं. की ते आपण वेगळं होतं. ते नव्हतं."

"मग?"

"मग काही नाही. चष्मा पुसत बसल्या जरा वेळ. म्हणाल्या, भाषेत मी पहिल्यापासून कच्चीच." मग बाबाच म्हणाले, "असू दे. तू अभ्यास कर. मी मजेत आहे."

फोन ठेवला आणि ढसाढसा रडले. दाढेनं काही विचारलं नाही, नुसती पाठीवरून हात फिरवत बसली, साबणाच्या हातानं.

किती सोपं होतं मला! बेटांवरच्या माणसांना आपण, तंबूतल्या मुलांना आपण, अजून जन्मलीही नाहीत त्यांना आपण. फुकटात. त्यांच्यातलं कोणी माझ्या घरी येऊन डबे हलवणार नव्हतं! आणि कोपऱ्यावरची एक बाई, माझ्या बाबांना मीठ आणि साखर वेगळं दाखवणारी — ती मावली नाही मला त्यात. मला माझीच चीड येतेय. बाबांनी भांडायला हवं होतं माझ्याशी. चांगलं ओरडायला हवं होतं.

९ मार्च

मॅडमना सांगितलं, प्रकरण उशिरा देईन. "कारण?" घरचं आहे म्हटलं. "मग इथे काय करतेस?"

१० मार्च

बसमधून उतरले ती पिशवी खांद्याला तशीच, थेट दुकानात. त्यांनी वर बघितलं. भुवया जागच्या जागी.

"या. आपल्याला काय दाखवू?"

लागलं. लागायलाच हवं होतं.

मला म्हणायचं होतं एक आणि तोंडातून निघालं, "नंबर तपासायचाय." खुर्चीत बसवलं. नाकावर ती जड फ्रेम चढवली. "ही काच बरी, की ही?" ही. "ही, की आधीची?" समोरच्या पाटीवरची अक्षरं हलायला लागली, एकमेकांत शिरायला लागली.

"डोळ्यांत पाणी असलं की नंबर नीट येत नाही," त्या म्हणाल्या. फ्रेम उतरवली आणि फडकं हातात दिलं. तेच, बसमधलं.

मग सगळं बोलले. तोंडाला येईल तसं, एक वाक्य धड नाही. प्रबंध लिहिणारी मी! मी घालवायलाच आले होते तुम्हाला, म्हटलं. बाबा हसत होते ते बघवलं नाही, म्हटलं. चुकलं माझं, फार चुकलं. त्या ऐकत होत्या. हो नाही, नाही नाही. मध्येच एक आजोबा आले, त्यांच्या चष्म्याचा स्क्रू बसवून दिला, त्यांची चौकशी केली. मी फडकं धरून खुर्चीत तशीच.

उन्हं उतरली. त्यांनी काउंटर पुसला, दिवे एकेक करून मालवायला घेतले. मी उठले.

"आपण कधी निघणार?" मी विचारलं.

शेवटच्या बटणावरचा हात तसाच ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"यातलं कुठलं आपण गं?"

तोच दिवस, घरून

बेल वाजवली. आतून बाबांचा आवाज — "कोण आहे?"

म्हटलं, "आम्ही."