गोल केला, माफ करा

४ मार्च, मंगळवार

पुन्हा बेंचवर. नव्वदच्या नव्वद मिनिटं! गेल्या चार सामन्यांत मिळून मी मैदानात अठ्ठावीस मिनिटं होतो, त्यातली निम्मी रेफ्रीशी हुज्जत घालण्यात गेली. पस्तिसाव्या वर्षी फॉरवर्डचं काम एवढंच – मधूनच उठायचं, रेषेबाहेर इकडून तिकडे पळायचं, स्टँडमधून कुणीतरी "आजोबा, जपून!" ओरडणार, की परत येऊन बसायचं.

सामन्यानंतर कोचने बोलावलं. माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे, मी त्याला सर म्हणतो. त्याच्या खोलीत खुर्ची एकच, तिच्यावर तो. म्हणाला, "मेमध्ये करार संपतोय तुझा." म्हटलं, माहीत आहे. "एक वर्ष वाढवायचं की नाही ते शेवटी बघू. गोल कर, मग बोलू." गोल कर! बेंचवरून! वा रे वा.

घरी येऊन हिला सांगितलं. ही लॅबमधून नुकतीच आली होती. दर गावात ही रक्त तपासायच्या नव्या लॅबमध्ये सगळ्यात खालच्या खुर्चीपासून सुरुवात करते; इथे पहिल्यांदाच तिला सकाळच्या पाळीची मुख्य केलंय. पाठ करून भांडी विसळत म्हणाली, "तुझं तू बघ. पण पोरीची शाळेची शेवटची दोन वर्षं राहिलीत. ती मी हलवू देणार नाही."

घर क्लबने भाड्याने घेऊन दिलेलं. माझा करार संपला की घरही संपलं. म्हणजे कोचच्या तोंडून एक वाक्य बाहेर पडायला हवं, बस्स. कप-बिप गेले खड्ड्यात, मला फक्त इथे राहायचंय.

८ मार्च, शनिवार

गोल! सत्तराव्या मिनिटाला आत पाठवलं, शहात्तराव्याला कॉर्नरवर डोकं लावलं. खरं सांगायचं तर मी डोकं लावलं नाही, बॉलने येऊन माझं डोकं शोधलं. पण कागदावर नाव माझं.

आणि लगेच दोन्ही हात वर, तळवे समोर, मान खाली. कारण समोर माझा जुना क्लब. आमच्या धंद्यातली ही रीतच आहे – जुन्या क्लबविरुद्ध गोल केला की नाचायचं नाही, तोंड पाडून उभं राहायचं. दुसऱ्याच्या घरी कप फुटल्यावर राहतो तसं. ही रीत कुणी काढली कोण जाणे! ज्या क्लबने मला भर जानेवारीत ड्रेसिंग रूमच्या दाराला चिठ्ठी चिकटवून काढलं, त्याचीसुद्धा मी आज माफी मागितली.

ज्यांचा जन्म एका क्लबात गेला त्यांना ही रीत शोभते. माझा हा अकरावा. या लीगमधल्या सोळा संघांपैकी पाच माझे जुने. दर तिसऱ्या सामन्याला सुतकी चेहरा करायचा! कधी कधी वाटतं, हात वरच ठेवून पळावं. समोर कोण आहे ते आठवत बसायला नको.

१२ मार्च, बुधवार

फिजिओ म्हणाला, तुझा उजवा गुडघा चाळिशीचा आहे. म्हटलं, मग तो माझ्याहून अनुभवी, त्यालाच खेळवा.

१६ मार्च, रविवार

सुट्टी. लेक खोलीत काहीतरी मोजत होती. मग बाहेर आली, "बाबा, भिंतीत खिळा ठोकला तर चालेल?" तिच्या मैत्रिणीने तिला काढून दिलेलं चित्र आहे, फ्रेम केलंय.

आता यात विचारण्यासारखं काय? पण विचारलं. कारण आजवर लेकीच्या एकाही खोलीत भिंतीला काही लागलेलं नाही, चिकटपट्टीसुद्धा नाही. कशाला लावायचं, काढायचंच तर असतं – हे ती सहाव्या वर्षीच शिकली. सात शाळा झाल्या. एका शाळेत तर गणवेश शिवून आला आणि आम्ही निघालो.

मी काय म्हणालो? "मेपर्यंत थांब." शाबास! "बरं," म्हणाली आणि गेली. रुसली असती, पाय आपटले असते तर बरं वाटलं असतं. ते "बरं" जिव्हारी लागलं.

२३ मार्च, रविवार

काल आणखी एक गोल! सलग दोन सामने सुरुवातीपासून खेळलो. पेपरवाल्याने लिहिलंय "अनुभवी भटका". अनुभवी म्हणजे म्हातारा, भटका म्हणजे भटका. तिथे तरी त्याने खरं लिहिलं.

एजंटचा फोन. "फॉर्मात आहेस, चार ठिकाणी विचारून ठेवू का?" म्हटलं, नको. "हॅलो? आवाज येतोय ना?" चौदा वर्षांत त्याने माझ्याकडून हा शब्द ऐकला नव्हता. त्याला वाटलं, रेंज गेली.

मला इथेच राहायचंय म्हणालो. "का? गाव इतकं छान आहे?" गाव कसलं छान! बसस्टॉप, पेट्रोलपंप, एक उदास तळं. पण इथल्या दूधवाल्याला आमचं नाव माहीत आहे.

कोच आज माझ्याकडे बघून हसला. दात दिसले! बहुतेक जमतंय.

५ एप्रिल, शनिवार

गोल!! एक्क्याऐंशीवं मिनिट, बाहेरचं मैदान, एकने मागे होतो, बरोबरी केली. डाव्या पायाने! डावा पाय मी एरवी फक्त जिना चढायला वापरतो.

समोर जुना क्लब. हिरवे पट्टे. बोगद्यातून मैदानात येतानाच ओळखीचं वाटलं होतं सगळं – तो उतार, ओल धरलेला तो कोपरा. त्यामुळे दोन्ही हात वर, मान खाली. नुसतं तेवढंच नाही, त्यांच्या स्टँडसमोर जाऊन छातीवर हात ठेवून उभा राहिलो. आधी सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मग एक म्हातारा उठून टाळ्या वाजवायला लागला, मग सगळा स्टँड! डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला लिहू. आपण कुठेतरी आठवणीत आहोत, असं वाटलं.

६ एप्रिल, रविवार

कपाळमोक्ष.

आज परतीच्या बसमध्ये किटवाले काका शेजारी येऊन बसले. तीस वर्षं या क्लबचे कपडे धुतायत, सगळ्या खेळाडूंच्या कुंडल्या तोंडपाठ. हळूच म्हणाले, "काय रे, तू त्यांच्याकडे कधी होतास?"

म्हटलं, "काका, सहा वर्षांपूर्वी. अर्धा सीझन."

"ते हिरवे पट्टे वेगळे. ते उभे. हे आडवे."

मी बोटांवर मोजलं. एकदा, दोनदा. मग सगळं आठवलं. यांनी मला घ्यायचं ठरवलं होतं. मेडिकल झालं, गळ्यात मफलर घालून त्या बोगद्यात फोटो झाला, अकरा दिवस हॉटेलात ठेवलं – आणि कागद वेळेत पोचले नाहीत म्हणून रद्द! या क्लबकडून मी एक मिनिटही खेळलेलो नाही. एक मिनिट नाही! आणि काल मी त्या गावासमोर छातीवर हात ठेवून रडलो.

काका खिडकीकडे तोंड करून बसले. खांदे हलत होते त्यांचे.

आणि खरी गोम पुढेच. आम्हाला जिंकायला हवं होतं. बरोबरी झाल्याबरोबर आमचा मिडफिल्डर जाळ्यातून बॉल काढून मध्यावर पळत गेला, की खेळ लगेच सुरू व्हावा. तो तिथे "अरे चल! चल!" म्हणून कंठशोष करतोय, आणि मी पलीकडच्या टोकाला परक्यांची माफी मागतोय. पाऊण मिनिट! सामना बरोबरीत सुटला.

८ एप्रिल, मंगळवार

सगळीकडे तो व्हिडिओ. ड्रेसिंग रूममध्ये शिरलो तर झाडून सगळे हात वर करून उभे! गोलकीपरने चहा घेतला – हात वर. एकाने टॉवेल ओढला – माफी. मीही हसलो. न हसून सांगतो कुणाला?

कोच मात्र हसला नाही. "तू कुठे कुठे खेळलास हेच तुला माहीत नाही," म्हणाला. "आत्ता कुठे खेळतोयस, ते तरी आहे का लक्षात?"

घरी लेकीने व्हिडिओ पाहिलेला होता. मला वाटलं, आता चिडवणार. तर म्हणाली, "बाबा, तिथे आपण राहिलोच नव्हतो ना?"

"नाही."

"मग त्यांना सॉरी का? जिथे राहिलो तिथल्या माझ्या मैत्रिणींना तर तू बायसुद्धा करू दिलं नाहीस." आवाज चढवला नाही, वहीतून मानही वर केली नाही. सॉरी म्हणायचं सुचायला हवं होतं. मैदानात कसं चटकन सुचतं!

१९ एप्रिल, शनिवार

बेंच. चांगला उबवून ठेवलाय मी.

३ मे, शनिवार

सीझन संपला. आम्ही लीगमध्ये टिकलो, कसेबसे, दुसऱ्यांच्या कृपेने. शेवटच्या सामन्यात मला तीन मिनिटं दिली. बॉलला एकदा हात लागला – थ्रो-इन.

६ मे, मंगळवार

कोचच्या खोलीत आज दुसरी खुर्ची होती. ती पाहिली तेव्हाच ओळखलं. ज्याला काढायचं असतं त्याला बसायला देतात.

"तरुण संघ करायचाय." "तुझं योगदान." "दार उघडंच आहे तुला." उघडं होतं खरं, त्यातूनच बाहेर आलो. पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो. रडू आलं. पेनल्टी चुकवून, पाय मोडून कधी आलं नव्हतं.

घरी अजून सांगितलेलं नाही. काय तोंडाने सांगू?

७ मे, बुधवार

एजंटचा फोन. हसत होता मेला!

आडव्या पट्ट्यांच्या क्लबला मी हवाय! "गाव फिदा आहे तुझ्यावर. लोक म्हणतात, जो न खेळता आपली एवढी कदर करतो, तो खेळला तर काय करील! पोस्टर काढलंय तुझं, हात वर केलेलं." दोन वर्षांचा करार. सुरुवातीच्या अकरांत जागा. पस्तिसाव्या वर्षी! उद्या दुपारपर्यंत सांग म्हणाला.

लाज वाटते लिहायला, पण अंगात वारं शिरलं. फोन ठेवून दिवाणखान्यात दोन पावलं पळालोसुद्धा. त्या म्हाताऱ्याच्या टाळ्या ऐकू आल्या. तिथे माझं पोस्टर आहे! आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला मागून घेतंय.

मग लेक शाळेतून आली. दप्तर टाकलं, फ्रिज उघडून उभ्याउभ्या दूध प्यायली, फोनवर मैत्रिणीला म्हणाली, "हो गं, पुढच्या वर्षी आपण एकाच बाकावर." मी तिथेच होतो, तिला दिसलो नाही. माझा सगळा उत्साह गळून पडला.

८ मे, गुरुवार

सांगितलं. नाही म्हणून. एजंटने तीनदा विचारलं, तिन्ही वेळा नाही. "मग करणार काय तू?" म्हटलं, माहीत नाही. "डोकं ठिकाणावर आहे ना?" म्हटलं, आत्ताच आलंय.

संपलं. अकरा क्लब, एकशे सात गोल, बेरीज एवढीच. भीती वाटते. सकाळी उठून घालायचं काय, इथपासून प्रश्न आहेत. पण उद्या दोघींना सांगणार. भाड्याने दुसरं घर शोधतो म्हणणार. दोघींचे चेहरे बघायचेत मला! आयुष्यात कुठलाही गोल मी असा बघायला थांबलो नसेन.

९ मे, शुक्रवार

सांगितलं. ही ऐकून खुर्चीत बसली. लेकीने हिच्याकडे पाहिलं. मग हिने कपाटातून कागद काढून माझ्यासमोर ठेवला. याच घराचा भाडेकरार, एक जूनपासून दोन वर्षं, हिच्या नावावर. घरमालकाला स्वतः भेटून आली होती. सही वीस मार्चची – मी गोल करत होतो, कोच हसत होता, तेव्हाची. राहणाऱ्या व्यक्ती: दोन.

"मी?" म्हटलं.

चिडली असती तर बरं झालं असतं. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "राहा ना. घालू तुझं नाव. पण खरं सांगू? आम्ही तुला धरलंच नव्हतं रे."