कृपया ‘जातो’ म्हणावे

२ मार्च
आजपासून हॉस्पिटलचा कायापालट. योजना आली आहे: ज्या हॉस्पिटलची सेवा चांगली आणि खर्च बेताचा, त्याला बक्षीस. मुख्य कसोटी म्हणजे घरी गेलेला पेशंट महिन्याच्या आत पुन्हा भरती होता कामा नये. क्वालिटी मॅनेजर मीच, तेव्हा बक्षीस आपलंच. भाषणाचा कोट ड्रायक्लीनला टाकला.

५ मार्च
दुखण्याचं मूळ सापडलं. डिस्चार्ज मिळालेला प्रत्येक पेशंट निघताना “येतो” म्हणतो. आणि येतो! दारावर पाटी लावली: ‘कृपया “जातो” म्हणावे.’ मेट्रन म्हणाल्या, आजारी माणसाच्या तोंडी असलं अभद्र घालू नका. जुन्या वळणाच्या आहेत. दुर्लक्ष.

९ मार्च
पाटी कोणीतरी उलटी केली. मी पुन्हा सुलटी केली. वॉचमनवर संशय. तो पेशंटला निरोपच मुळी “या हं” म्हणून देतो. घरभेदी.

१४ मार्च
दादाला धाप लागली म्हणून भरती केलं. सख्खा भाऊ आपल्याच वॉर्डात, ही तर जाहिरातच. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर तरी राहू दे. मी समजावलं: लवकर डिस्चार्ज, कमी खर्च, जास्त गुण. पार चहा निवेपर्यंत समजावलं. माझ्या बोलण्याची छाप पडतेच.

१७ मार्च
दादा घरी. जिना उतरताना मध्येच बसला. चालायची सवय मोडली असेल. दारात पाटी वाचली, माझ्याकडे बघून हसला आणि “जातो” म्हणाला. एकाने तरी नियम पाळला! वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. दमल्या असतील.

२६ मार्च
कोट आला. ड्रायक्लीनवाल्याने आटवला आहे.

२९ मार्च
घात! दादा रस्त्यापलीकडच्या हॉस्पिटलात भरती. आमच्या प्रतिस्पर्ध्यांकडे! मला कळलं ते वॉचमनकडून. ज्याने सायकल शिकवली, त्याच भावाने केसाने गळा कापला. फार लागलं मनाला. वहिनींना फोन करून जाब विचारला. त्या म्हणाल्या, भावोजी, तुमचा आकडा बिघडू नये म्हणून ते हट्टाने तिकडे गेले. श्वास मिळत नव्हता, तरी गाडी तुमच्या दारावरून पुढे न्यायला लावली.
फोन ठेवला. भेटायला जाणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

३० मार्च
गेलो. त्यांची स्वच्छता तपासायला.
दादाच्या तोंडावर मास्क. चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून गेलो होतो. त्याच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. पुन्हा नीट केलं. निघताना सवयीने तोंडून गेलं, “जातो.”
त्याने मनगट धरलं. मास्क बाजूला केला आणि थांबत थांबत म्हणाला,
“येतो म्हण.”
म्हटलं. त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून परत म्हटलं.
येताना आमच्या दारावरची पाटी उलटी केली. वॉचमन बघत होता, पण हरकत नाही. संशय त्याच्यावरच जाईल.