पुढच्या खोलीतला एसी

आत्याबाई, तुमच्या एसीनं शेवटी मान टाकली. काल मेकॅनिक आला, त्यानं तो खिडकीतून काढून ओट्यावर उलटा केला आणि म्हणाला, खाडीच्या खाऱ्या हवेनं आतली कॉइल पार खाल्लीय. गॅस भरून देतो, पण पावसाळ्यापर्यंत पुन्हा गळणार, त्यापेक्षा नवा घ्या. मग त्यानं फिल्टर झटकला तर त्यातून सुक्या जवळ्याच्या मिशा पडल्या. बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. त्याला काय सांगू, की या घरात गल्लीतल्या बाया एसीच्या वाऱ्याखाली जवळा निवडत बसतात, आणि ही रीत माझ्या सासूनं घालून दिलीय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्या येतच राहिल्या; मी नोकरीवर असायचे तेव्हा घराची किल्ली पलीकडच्या काकींकडे असायची.

बेलापूरच्या बाजारात मासळी विकून तुम्ही स्वतःच्या कमाईचा एसी आणलात, तो दिवस मला लख्ख आठवतो. फिटिंगवाला सरळ बेडरूमकडे निघालाय आणि तुम्ही त्याला दंडाला धरून पुढच्या खोलीत आणताय. तो म्हणतोय, आजी, इथं दार सारखं उघडं, खोली गार व्हायची नाही. तुम्ही त्यालाच विचारलंत, मग बायांनी काय माझ्या खाटेवर बसायचं? त्याच दुपारी गारवा वाया जातोय म्हणून मी दार लोटलं, तर सगळ्यांदेखत मला बोल बसला. "दार नको लावू गो. थंडी कोंडून तिचा काय लोनचा घालाचा हाय?" बाया पदर तोंडाला लावून हसल्या. तशाही त्या मला हसायच्याच, साताऱ्याकडची सून सासूला आत्याबाई म्हणते म्हणून. तुम्ही मात्र त्या हाकेला पहिल्या दिवसापासून ओ दिलीत. कसला दिलदार जीव होता तुमचा! पहाटेपासून टोपली डोक्यावर, भर उन्हात घरी यायचं, आणि वाट्याला आलेला गारवासुद्धा एकटीनं घ्यायचा नाही. अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

तुमचा मुलगा म्हणतो, नवा घेऊ, पण तो बेडरूममध्ये लावू आणि दार बंद ठेवू. त्याचंही काही चुकत नाही. उरणला दिवसभर कंटेनरच्या यार्डात भाजून येतो, त्याला धड झोप नको? शिवाय उघड्या दारानं नवा एसीही लवकरच ढेपाळणार, हे मेकॅनिकनं त्याच्यासमोरच सांगितलं. पण एसी बंद पडल्यापासून बाया फिरकलेल्या नाहीत. पलीकडच्या काकींना धाप लागते, त्यांच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी टेकवत नाही. परवा रस्त्यात भेटल्या तर म्हणाल्या, "मशीन चालू झाली का हाक मार गो." एसी बेडरूममध्ये गेला की ती हाक मी कुठल्या तोंडानं मारणार? नवऱ्याच्या खाटेवर कोण येऊन बसणार आहे?

मी त्याला सांगून टाकलं, नवाच घेऊ, पण बसेल जुन्याच खिडकीत, आणि उन्हाळाभर आपणही पुढच्याच खोलीत गादी घालू. तो आधी तणतणला, विजेच्या बिलाचं टेन्शन मलाच, म्हणाला. मग जेवताना स्वतःशीच हसला आणि म्हणाला, "आई कुठं गेलीय, नुसती साडी बदलून बसलीय."

एवढ्यातच गल्लीभर झालंय, सून सासूवर गेली म्हणून. ऐकून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. तुम्हाला आलेला कागद न् कागद मीच वाचून दाखवायचे, तेव्हा हा कागद तुम्हाला कोण वाचून दाखवणार? म्हणून जे कुणाला सांगितलं नाही ते इथं लिहिते. मी तुमच्यासारखी नाही, आत्याबाई. नोकरीतून रिटायर झाल्यापासून दुपारी या घरात एकटीला मला भीती वाटते.