चौदाव्या मजल्याचा भाव

३ डिसेंबर, बुधवार

तृप्तीला पाहून गेले. नागपूरचे लोक. पोरगा बँकेत, स्वतःचा फ्लॅट, चौदावा मजला. तिने नाही सांगितलं — गावातल्या अमरने सांगितलं, टपरीवर, सगळ्यांसमोर. अख्ख्या एकोडीला माहीत, मलाच नाही. फोन लावला. बंद. दिवाळीपासून बंदच आहे. म्हणजे तिला आता मी नकोच.

४ डिसेंबर

कंटाळा. इश्वरभाऊ साकोलीत बसून नागपूरचे फ्लॅट विकतो, मी त्याची गिऱ्हाइकं गाडीत घालून दाखवायला नेतो. आज एक मास्तर आणि त्यांची बायको. एकच बिल्डिंग, एकच मजला, खोल्या तेवढ्याच. एका फ्लॅटचं तोंड तलावाकडे, दुसऱ्याचं नाल्याकडे. भावात फरक एवढा की मास्तर खालीच बसले. बाई म्हणाल्या, "खिडकीचे पैसे घेता का जी?"

हो, खिडकीचेच. मेट्रो जवळ आहे त्याचे, गाडी ठेवायच्या जागेचे, बिल्डरच्या नावाचे. आणि जितकं वर जाल तितके जास्त. इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून एवढंच शिकलो.

७ डिसेंबर, रविवार

तेजरामकाका ऑफिसात आले. तृप्तीचे बाबा! पायऱ्या चढताना दिसले तेव्हा वाटलं, मला मारायलाच आले.

पण बसले इश्वरभाऊसमोर. "चौदाव्या मजल्याची काय किंमत राहते, खरं सांग. मले तं पोरगा फाटकाच वाटून राहिला. तलावाखालची धानाची बांधी महाग, वरच्या बरड जमिनीले कोण पुसते? जिथं पाणी चढत नाही तिथं कायचा भाव? घरचेबी हेच म्हणतेत, वरचे मजले गरिबाचे. उद्या नाही म्हणून कळवतो."

मी फक्त होकाराची मान हलवायची होती. इश्वरभाऊ म्हणाला, "योगेंद्रले पुसा. तो रोज जाते तिथं."

काका माझ्याकडे न बघताच बोलले. "याले काय पुसाचं? यानं तं कॉलेजच पुरं नाही केलं."

डोकं फिरलं. बोललो. सगळंच बोललो. "काका, तिथं पाणी मोटर चढवते. वर धूळ नाही, डास नाही, हॉर्न नाही. हवा विकतेत तिथं. दरेक मजल्याले भाव वाढते. चौदाव्यावरचा माणूस तुमच्या साऱ्या बांध्या विकत घेईन!"

काका म्हणाले, "म्हणजे मालदार आहे." बाहेर जाऊन आमच्यासाठी चहा सांगितला. स्वतःहून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

चहा प्यायलो मी. प्यायलो!

८ डिसेंबर

गप्प बसलो असतो तर. पण तिलाही तो फ्लॅट हवाच असेल. कोणाला नको?

११ डिसेंबर, गुरुवार

साखरपुडा ठरला. इश्वरभाऊ म्हणतो, "लगन तूच जमवलं बे, कमिशन माग." हसलो नाही. भांडलोही नाही. भांडायचीही ताकद नाही.

१२ डिसेंबर

अनोळखी नंबर. तृप्ती. मैत्रिणीच्या फोनवरून बोलत होती, तिचा फोन दिवाळीपासून आईच्या ट्रंकेत.

"वरचे मजले गरिबाचे राहतेत म्हणून बाबाले मीच सांगितलं होतं. बांधीचं उदाहरण देऊन देऊन पटवलं. दुसऱ्या दिवशी नाही म्हणणारच होते ते. तुले कोणी बोलाले सांगितलं होतं?"