आईच्या दारात उभं कोण राहणार?

ताल्बक दादा,

पूल उडवलास, रस्ते बंद केलेस, ते तुझं तू बघ. पण आई गेली तेव्हा तुम्ही दोघांनी मला एकटीला टाकलंत. मुलांनी कमरेला रुमाल बांधून, काठी टेकून, भेटायला येणाऱ्यांसाठी दारात उभं राहायचं असतं. तू तिकडच्या फौजेचा सेनापती, धाकटा नुसरत इकडचा. दुसरा टपून बसला असेल या भीतीनं एकही आला नाही. शेवटी मीच रुमाल बांधला.

शेजारची मोमोगुल म्हणाली, "अगं, बायका दारात उभ्या राहतात होय?"

मी म्हटलं, "घरातले पुरुष पाठव, मग आत जाते."

तिचे दोन्ही मुलगे तुमच्याच लढाईत गेलेत. ती येऊन माझ्याशेजारी उभी राहिली.

शुक्रवारी आईचा चाळिसावा दिवस आहे. नुसरतचा निरोप आलाय, "तो बंदुकीशिवाय आला, तर मीही तसाच येतो." हे पत्र नदीपलीकडे न्यायला कुणी धजत नाही, तरी लिहितेय, घरात बोलायला दुसरं आहे कोण?

येतोस की नाही, गुरुवारपर्यंत कळव. नाहीतर येणाऱ्यांना मी सांगेन, आईला मुलगे नव्हतेच.

तुम्हा दोघांची बहीण,
ओयनिसा