लाल ठिपक्यांच्या गोगलगायी

३ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. सवयीने लिहिला आहे, फार अर्थ लावू नकोस. आम्ही बरे आहोत. वहिनीच्या गुडघ्याला आता उतार असेल.

पदवीच्या मुलांना संशोधनाची गोडी लावल्याबद्दल विद्यापीठ तुझा सत्कार करणार, असं कळलं. छापायला तुला भाचीबरोबरचा हसरा फोटो हवाय म्हणे. मिळणार नाही.

गोडी कसली लावलीस? गेल्या वर्षी माझी लेक तुझ्या विभागातल्या खोलीत आली होती. कॉलेजच्या कुंपणाच्या भिंतीवरच्या गोगलगायी रोज आपापल्याच फटीत परततात का, ते बघायचंय म्हणाली. तू चारचौघांत हसलास. "आधी पास हो, मग शोध लाव." पोरीने माझी नखं रंगवायची बाटली नेली, एकशेचाळीस शंखांवर लाल ठिपके दिले आणि अकरा आठवडे सकाळी सहाला भिंतीशी उभी राहिली. पावसात वहीवर पिशवी धरून.

तिची विचारपूस करणारी एकच निघाली, तुमच्या विभागातली नवी बाई. तू जिला 'कालची पोर' म्हणतोस, ती. तिने आयती उत्तरं दिली नाहीत. भिंतीशी येऊन विचारायची, "आज काय वेगळं दिसलं?" चुकलेला आकडा खोडू नकोस, शेजारी नवा लिही, म्हणायची. पोरगी फुलली रे!

मग त्याच गोगलगायींवर तुझा लेख आला. वर तुझं नाव, तुझ्या सहायकाचं नाव, आणि तळाशी 'नोंदी घेणाऱ्या विद्यार्थिनीचे आभार'. घर लुटून जाताना चहाबद्दल आभार मानावेत, तसे.

तिने मला विचारलं, "आई, वही मामाकडे गेली कशी?"

मी म्हणाले, "तूच विसरली असशील कॉलेजात."

हेच लिहायचं टाळत होते. वही मी दिली. ती परीक्षेला गेली होती. तू दारातच म्हणालास, "नुसती चाळतो, तिचंच भलं होईल." मी कपाटातून काढून तुझ्या हातात ठेवली. मोठा भाऊ, त्यात प्राध्यापक. वाटलं, पोरीचं नशीब उघडलं. दोन महिने ती स्वतःलाच बोल लावत राहिली. भिंतीकडे फिरकेना. बाई घरी आली, तरी खोलीचं दार उघडेना.

परवा जेवताना तिला खरं सांगितलं. ती रडली नाही. ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "हेच चौकशी समितीपुढे सांगशील?"

तक्रार बाईने केली आहे, स्वतःची नोकरी अजून कायम नसताना. बाकी तुमच्या विभागात सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली.

सोमवारी मी समितीपुढे येते आहे. तिथे मला लाडाने हाक मारू नकोस, आईची शपथ काढू नकोस. मी जे केलं ते सांगणार, आणि तू जे केलंस तेही.

लेक अजून माझ्याशी बोलत नाही. तो दोष तुझ्या माथी मारत नाही. तो माझा.

आजवर तुझी असलेली,
धाकटी बहीण