त्र्यंबकरावांचा पेंढा भरलेला वाघ

मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १८३३. जव्हार.

श्रीगजानना, बुद्धी निर्मळ ठेव. मग विषय मांडतो.

त्र्यंबकरावांनी गेल्या साली जामसरच्या रानात नरभक्षक वाघ मारला. मुंबईस त्यात पेंढा भरवून, काचेचे डोळे बसवून आणला. आता तो विकत घेण्यास तिकडचा व्यापारी आला आहे. पण गाडीवर चढवण्यास एकही वारली हात लावीना!

त्र्यंबकराव म्हणाले, “शास्त्रीबुवा, विक्रीत दोष नाही, एवढे त्यांना सांगा.”

सांगेन की! मारणारा, विकणारा, विकत घेणारा — स्मृतिकार सर्वांना एकाच पापाचे वाटेकरी करतात. परंतु ते मांसाविषयी. कातडे पवित्र. पूर्वी राजे ते ऋषींना दान देत, हल्ली दिवाणखान्यांसाठी भाव होतो — एवढाच फरक. मी स्वतः नाशकास विकत घेतलेल्या व्याघ्रचर्मावर जपाला बसतो. शंका कसली?

शुद्ध ६

गेलो. वाघापुढे मंगळी बसलेली. तिच्या नवऱ्याला, ढवळूला, याच वाघाने नेले; हाडही मिळाले नाही.

“तो याच्या पोटात गेला, भटबाबा. वाघ मुंबैला गेला त मी जाळू काय?”

मी शास्त्र सांगितले — देह न मिळाल्यास पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करावे.

“पळसानं खाल्ला का त्याला?”

त्र्यंबकरावांची माणसे हसली. मला हसू आले नाही.

शुद्ध ७

ग्रंथ पुन्हा काढले. पानांना जो मान, तो या कातड्यास का नसावा? निर्णय झाला — आणि तो पक्का आहे!

शुद्ध ८

त्र्यंबकरावांच्या अंगणात सर्वांसमक्ष सांगितले : हे ढवळूचे शव आहे. शव विकता येत नाही.

“वाघाला सुतक लावता काय, शास्त्रीबुवा?”

“लावतो. उचलणारे मिळाले तर खुशाल विका!”

कोणी पुढे आले नाही. व्यापारी रिकाम्या गाडीने परतला. त्र्यंबकराव चरफडत म्हणाले, “न्या एकदाचा!” — आणि तेच वारली चटकन खांदा द्यायला धावले.

जामसरला दहन झाले. पेंढा भुरकन पेटला. मंगळीने राखेतून काचेचे डोळे वेचून दूर फेकले — “हे त्याचे नाहीत.”

शुद्ध ११

मंगळी नाचणी घेऊन ओटीवर आली. मी जपाला बसलेला. माझ्या आसनाकडे ती पाहतच राहिली. मग त्याला हात जोडले.

“याच्यात कोन गेला, भटबाबा?”

शुद्ध १२

आज दर्भावर बसलो. कातडे गुंडाळून घेतले आहे. नाशकास विचारायला निघतो. हे पान ज्याच्या हाती पडेल त्याचे, आणि ज्याची कोणी अजून वाट पाहत आहे त्याचेही, कल्याण होवो.